पौषातली वरात

पौषात लग्नं होत नाहीत, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. त्यामुळे संक्रांतीच्या तोंडावर एका सकाळी गल्लीत बँड शिरला तेव्हा आधी कुत्री भुंकली आणि मग माणसं गॅलरीत आली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, पुढे क्लॅरिनेट, मागे ताशे आणि सगळ्यांत मागे तो प्रचंड ढोल, ज्याच्या आडचा माणूस कधीच दिसत नाही. थाट सगळा वरातीचा होता, फक्त नवरदेव नव्हता. घोड्याच्या जागी एक सरकारी जीप होती आणि नवरदेवाच्या जागी काखेत फाइल धरलेले एक गृहस्थ. चेहरा मात्र नवरदेवाचाच होता. आपण इथे नेमके कशाला आलो, असा.

"कोणाचं हो?" समोरच्या काकूंनी वरच्या मजल्याला विचारलं.

"पळून जाऊन केलं असणार. नाहीतर पौषात कोण करतंय?"

"पण हातात फाइल आहे."

"मग रजिस्टर."

बँड आमच्याच फाटकाशी थांबला आणि मुलीची पाठवणी करताना वाजवतात ती धून सुरू झाली. दोन-तीन बायकांनी सवयीने डोळ्यांना पदर लावला. धून मध्येच तोडून फाइलवाल्यांनी भोंगा तोंडाशी धरला आणि तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचं नाव, घर क्रमांक आणि थकलेला मिळकतकर पैशांसकट जाहीर केला. रक्कम हजाराच्या थोडी वर होती. गल्ली क्षणभर गप्प झाली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनिऑर्डरी पैसा-न-पैसा मोजून पोचवल्या, त्याच्या दारात हा ढोल!

शहराचं नाव मी सांगणार नाही. मला इथेच राहायचंय.

आमचा कर मी एप्रिलमध्येच भरतो. तरीही ती घोषणा ऐकताच मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर गॅलरीतून दोन पावलं मागे येऊन पडद्याआड उभा राहिलो.

"आपला भरलाय ना?" बायकोने विचारलं.

"भरलाय."

"मग पडद्यामागे का?"

"सवय."

ही सवय रक्तातलीच आहे. आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात दागिने नाहीत, पावत्या आहेत. विजेच्या, पाण्याच्या, मिळकतीच्या. वडिलांच्या रेडिओचं लायसन्ससुद्धा आहे, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. पूर्वी रेडिओ ऐकायला लायसन्स लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. तो रेडिओ गेला, ती लायसन्सची पद्धत गेली, वडीलही गेले. पण उद्या कोणी दारात येऊन 'तुमच्या वडिलांनी क्रिकेटची कॉमेंट्री फुकट ऐकली काय?' असं दरडावलं, तर आपल्याकडे कागद हवा! बँड वाजत असताना मी ती ट्रंक खाली काढली, यंदाची पावती शोधली, तिच्यावरचा घर क्रमांक दारावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि मगच पुन्हा गॅलरीत जाऊन पोस्टमास्तरांबद्दल हळहळायला मोकळा झालो.

पोस्टमास्तरांची थकबाकी झाली कशी, ही स्वतंत्र कथा आहे आणि तिचं मूळ पापडात आहे. उन्हाळ्यात घरांची मोजणी करायला माणूस आला, तेव्हा पोस्टमास्तरांच्या बायकोचे, म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंचे, पापड गॅलरीत वाळत पडले होते. त्याने टेप काढायच्या आधी पापड मोजले.

"एवढे पापड कोणासाठी?"

"घरच्यासाठी."

"घरात माणसं किती?"

"दोघं."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. पुढच्या बिलात गॅलरीपुरता 'व्यावसायिक वापर' लागलेला होता. पोस्टमास्तर कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "हरकत घ्या, पण ऑनलाइन घ्या." नातवाने ऑनलाइन अर्ज भरला, तर शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: 'कृपया संबंधित कार्यालयात प्रत्यक्ष संपर्क साधावा.' प्रत्यक्ष संपर्क साधला, तर साहेब मीटिंगला. साहेब भेटले, तर म्हणाले, "आधी भरा, मग भांडा." पोस्टमास्तर हाडाचे पोस्टमास्तर. त्यांनी रजिस्टर पत्रांचा धडाका लावला. प्रत्येक पत्राची पोचपावती त्यांच्याकडे आहे. उत्तर मात्र एकाचंही नाही. महापालिका कायद्यातली शास्ती तेवढी दरमहा २ टक्क्यांनी निमूटपणे वाढत राहिली. अख्ख्या कारभारात वेळेवर चालणारी तेवढी एकच गोष्ट.

आता दारात बँड. लाजेने माणूस घरात कोंडून घेईल, असा बिचाऱ्या फाइलवाल्यांचा हिशेब असावा. पण गल्लीने त्यांचा घोटाळा करून टाकला. आधी शाळेला दांडी मारलेली पोरं नाचू लागली. मग कोणाकडे तरी आलेल्या पाहुण्याने, काहीच कल्पना नसल्यामुळे, दहाची नोट बँडमास्तरच्या डोक्यावरून ओवाळली. पोरांनी नागिणीची फर्माईश केली. बँडमास्तर सराईत, त्याने विचारसुद्धा केला नाही. फाइलवाले "अहो, नागीण नको, नागीण नको" म्हणत राहिले, तोवर एक पोरगा रुमालाची पुंगी करून रस्त्यावर आडवा झाला होता.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. दारात आलेल्यांना चहा न देता घालवायचं कसं, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. क्लॅरिनेटवाल्याने कप घेता घेता विचारलं, "मुलीचं की मुलाचं, मावशी?"

"आमचंच," काकू म्हणाल्या.

फाइलवाल्यांनी संकोचून कप घेतला. "साखर नको होती. शुगर आहे," ते म्हणाले आणि प्यायले. मग हळू आवाजात, "काकू, माझा नाइलाज आहे. वरून टार्गेट आलंय."

अखेर पोस्टमास्तर बाहेर आले. अंगात निवृत्तीच्या समारंभातला कोट. सरळ बँडमास्तरपुढे उभे राहून त्यांनी विचारलं, "तासाचे किती घेता?"

बँडमास्तरने आकडा सांगितला. तो थकबाकीपेक्षा बराच मोठा होता. पोस्टमास्तरांनी फाइलवाल्यांकडे पाहिलं.

"ते वेगळ्या हेडमधून जातं," फाइलवाले म्हणाले.

"जातं म्हणजे जाईल," बँडमास्तरने दुरुस्ती केली. "गेल्या मार्चचं बिल अजून निघालं नाही."

"मग त्यांच्या ऑफिससमोर का नाही वाजवत?" वरच्या मजल्यावरून सूचना आली.

बँडमास्तरने कानाच्या पाळ्या पकडल्या. "नको साहेब. पुढचं टेंडर भरायचंय."

पोस्टमास्तरांनी तिथल्या तिथे पैसे मोजून दिले, कारण कार्डाच्या मशिनला रेंज नव्हती. सुट्टे पैसे महापालिकेकडे नव्हते, ते काकूंनी डब्यातून काढून दिले. पावती फाटताच बँडवाल्यांनी सवयीने आनंदाची धून वाजवली आणि वरात पुढच्या गल्लीकडे वळली.

त्या दुपारी आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी काही देणं नसताना कार्यालयात जाऊन 'आमचं काही देणं नाही ना?' अशी चौकशी केली. एकाने पुढच्या वर्षाचा कर घ्या म्हणून आग्रह धरला. संध्याकाळपर्यंत तीन दारांवर पावत्या लॅमिनेट करून लागल्या होत्या, त्यांतल्या एकीला झेंडूची माळ होती. फाइलवाले पुढे एकदा चहाच्या टपरीवर भेटले, तेव्हा त्यांनी धंद्यातलं मर्म सांगितलं. "ज्याच्या दारात वाजतो, त्याच्याकडून हजार येतात. ज्यांच्या कानावर पडतो, त्यांच्याकडून लाख."

हा काही आमच्याच गावचा शोध नव्हे. पुणे महापालिकेने थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवला आहे, ठाण्यात ढोल घुमले आहेत. पाटण्याच्या महापालिकेने २००६ मध्ये थकबाकीदार दुकानांसमोर गायला तृतीयपंथीयांची नेमणूक केली होती. या सगळ्यामागचा विचार एकच. जप्ती, लिलाव, कोर्ट हे सगळं फार लांबचं काम. शेजारीण गॅलरीतून बघते आहे, हे जवळचं.

आपल्याकडे ही विद्या जुनीच आहे. पूर्वी सावकार कुळाच्या दारात धरणं धरून बसे, उपाशी. तो जेवत नाही म्हणून कुळालाही घास गिळवत नसे. इंग्रजांना ही पद्धत इतकी भयंकर वाटली, की १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्यांनी ५०८ वं कलम घातलं. देवाच्या कोपाची भीती घालून कोणाकडून काही करवून घेणं हा गुन्हा, आणि कायद्यातच दिलेलं उदाहरण म्हणजे 'अ' नावाचा मनुष्य 'य' नावाच्या मनुष्याच्या दारात धरणं धरून बसतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, पण 'अ' अजून 'य'च्या दारातून उठलेला नाही. महापालिका या कलमात सापडत नाही, कारण ती देवाचं नावच घेत नाही. देव एक वेळ क्षमा करतो. समोरच्या काकू करत नाहीत.

मात्र या शस्त्राला एक अडचण आहे. ज्याला लाज वाटते त्याच्यावरच ते चालतं. आमच्या गल्लीनंतर ती वरात मोठ्या रस्त्यावरच्या एका उंच टॉवरकडे गेली होती म्हणे. तिथे कोणाची तरी थकबाकी एवढी होती, की भोंग्यातून वाचताना फाइलवाल्यांना मध्ये श्वास घ्यावा लागला असता. पण भोंग्यापर्यंत वेळच आली नाही. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "ॲपवर एन्ट्री आहे का?" नव्हती. "मग मागच्या सर्व्हिस गेटने या. ढोल लिफ्टमध्ये चालणार नाही." साहेब एकविसाव्या मजल्यावर. तिथे ढोल पोचला नाही आणि आवाज त्याच्याही आधी दमला. खाली लोकांना वाटलं, कसला तरी सेल लागलाय. दोन-तीन बायका पिशव्या घेऊन आल्यासुद्धा.

हेच मोठ्या पटावर पाहा. २०१६ मध्ये, नोटबंदीच्या ऐन गर्दीत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या मध्यवर्ती सहकारी बँकेने सुमारे २०,००० शेतकऱ्यांना पत्रं धाडली. कर्ज भरा, नाहीतर तुमच्या दारात मंडप टाकू, बँड लावू, घंटा वाजवू. या उपक्रमाला नाव होतं गांधीगिरी! या सगळ्या शेतकऱ्यांचं मिळून देणं होतं सुमारे १८० कोटी. आणि जिल्ह्यातल्या अवघ्या दोन साखर कारखान्यांकडे होते सुमारे ३५२ कोटी. हिशेबाने पाहिलं तर दोन मंडपांत काम भागलं असतं, तेही दुप्पट वसुलीसह. पण कारखान्याच्या दारात बँड वाजवला, तर चेअरमनसाहेबांना वाटणार, गळीत हंगामाचं उद्घाटन आहे. ते हार घालून घ्यायला बाहेर येतील.

विजय मल्ल्यांचंही तेच. सुमारे ९,००० कोटींचं देणं मागे ठेवून २ मार्च २०१६ ला गृहस्थ विमानाने गेले. गोव्यात कांदोळीला त्यांचा किंगफिशर व्हिला होता. बँकांनी तो लिलावाला काढला, तर आधी कोणी बोलीच लावेना. शेवटी २०१७ मध्ये ७३ कोटींना गेला. मला कधीकधी वाटतं, बँकांनी त्या व्हिलासमोर सरळ बँडच लावायला हवा होता. पण कांदोळीत रात्री बँड वाजला तर कोण दचकणार? आजूबाजूचे पाहुणे ग्लास घेऊन आत आले असते आणि म्हणाले असते, यंदा पार्टी लवकर सुरू झाली.

दचकतो तो शिमोगा जिल्ह्यातला शेतकरी. जून २०२० मध्ये त्याला बँकेतून फोन आला, ताबडतोब या आणि बाकी भरा. लॉकडाऊनमुळे बस नव्हती. गडी १५ किलोमीटर चालत गेला. बाकी निघाली ३ रुपये ४६ पैसे. त्याने भरले. भरले याचंच मला कौतुक वाटतं. एखाद्या उद्योगपतीने या रकमेसाठी आधी पुनर्रचनेचा प्रस्ताव ठेवला असता, मग ४६ पैशांवर तडजोड मागितली असती आणि वर ३ रुपयांसाठी नवं कर्ज उचललं असतं.

गुजरातेत तर यावरही कडी झाली. एका शेतकऱ्याने पीककर्ज फेडलं, तरी सरकारी बँक बेबाकीचा दाखला देईना. कारण ३१ पैसे बाकी. प्रकरण २०२२ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायमूर्तींनी बँकेला, हा निव्वळ छळ आहे, असं सुनावलं. ५० पैशांखालची रक्कम सोडून द्यावी, हा नियम त्यांना बँकेलाच समजावून सांगावा लागला. गंमत पुढेच आहे. २५ पैशांचं आणि त्याखालचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलेलं. म्हणजे शेतकऱ्याने ३१ पैसे खिडकीत भरायचे म्हटलं असतं, तर सरकारने आधी नवी नाणी पाडली असती.

आणि जे भरत नाहीत, त्यांच्यासाठी अभय योजना असते. हे नाव ज्याने शोधलं त्याला माझा नमस्कार. पुण्यात २०२० मध्ये अशीच एक योजना निघाली, ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीवर शास्तीत ८० टक्के माफी. वेळेत कर भरणाऱ्याला पुण्यात सवलत मिळते ५ ते १० टक्के. माझी बायको एके काळी गणित शिकवायची. तिने पेपरातला हा आकडा चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "म्हणजे आपण इतकी वर्षं भरला तो कर होता की दंड?"

पुण्याचाच आणखी एक किस्सा तिला फार आवडतो. मालक स्वतः राहत असलेल्या घराला तिथे १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. मध्ये सरकारने ती काढली, २०२३ मध्ये परत दिली. पण ज्यांची काढली होती, त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण आपल्याच घरात राहतो, हे कागदोपत्री सिद्ध करायचं. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, असलं काही जोडून. वर अर्जाची फी. घरोघर म्हाताऱ्या जोडप्यांमध्ये काय संवाद झाले असतील, ते मी ऐकू शकतो. "अहो, तुम्ही इथेच राहता ना?" "कागद मिळेपर्यंत सांगता येत नाही."

एवढा सगळा विचार केल्यावर माझ्या डोक्यात एक योजना आली आहे. सरकारने तिचा जरूर विचार करावा. नाहीतरी सगळी वसुली लाजेवर चालली आहे, तर लाजेची रीतसर नोंद का ठेवू नये? ज्याला लाज नाही त्याला तहसील कचेरीतून 'निर्लज्जपणाचा दाखला' मिळावा. दोन फोटो, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. दाखला दारावर लावला की बँड पुढे जाईल, भोंगा गप्प बसेल, शास्ती आपोआप माफ होईल. प्रत्यक्षात आजही तसंच चालतं, फक्त कागद नाही. आणि आपल्याकडे कागद नसलेली गोष्ट शोभत नाही.

पोस्टमास्तरांना मी ही कल्पना सांगितली. त्यांनी ती रजिस्टर पोस्टाने वर कळवली. पोचपावती आली आहे.

दाखला निघालाच तर पहिला अर्ज माझा, असं मी बायकोला जाहीरही करून टाकलं. तिने मला नखशिखांत न्याहाळलं.

"तुम्हाला मिळायचा नाही."

"का? सगळी कागदपत्रं आहेत माझ्याकडे."

"तेच तर. तुम्ही कचेरी उघडायच्या आधी जाऊन रांगेत उभे राहाल. खिडकीशी पोचल्यावर आधी म्हणाल, 'नमस्कार, जरा तसदी देतो.' फॉर्म काळ्या शाईने भराल. साहेब जेवायला गेले तर सावलीत जाऊन थांबाल. आणि फी सुट्ट्या पैशांत द्याल. अर्ज तिथल्या तिथे नामंजूर."

"कारण काय लिहितील?"

"अर्जदाराने फी भरली."